न भरलेला खाडा

काळाचौकीतल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पाटण तालुक्यातल्या एका गावाची खोली आहे. खोली गावमंडळाची, कुणा एकाची नाही. दहा बाय बाराच्या त्या खोलीत भिंतीला ओळीनं खिळे ठोकलेले आणि छताखाली चारही बाजूंनी फळी. खिळ्यांना पिशव्या, फळीवर पत्र्याच्या पेट्या. एके काळी गावची पस्तीस-चाळीस माणसं या खोलीत राहायची, म्हणजे पाळीपाळीनं झोपायची. सकाळी सातच्या पाळीचा माणूस निघाला की रात्रपाळीहून आलेला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. आज खिळे तसेच आहेत. पेट्या दोनच उरल्यात.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘हात’. हातांवर लिहायचं तर ज्यांच्या हातचं काम गेलं त्यांच्याकडे जावं, असं मनात आलं आणि मी या खोलीत पोचलो. गावाहून आलेले तात्या खाली सतरंजीवर बसले होते. वय पंचाहत्तर. समोर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून एकेक कागद काढून ते माझ्यापुढे मांडत होते. गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, पगाराच्या चार चिठ्ठ्या, फंडाची एक पावती. घडीवर घडी पडून पास मधोमध फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. फोटोत कुरळ्या केसांचा तरुण.

‘नाव काय तात्या, पासावर?’ अक्षरं पुसट झाली होती म्हणून विचारलं.

त्यांनी आधी तिकीट नंबर सांगितला, नाव मागाहून. गिरणी सोडून बेचाळीस वर्षं झाली, पण कुठल्या खिडकीपाशी उभं राहिलं की अजून आधी तोंडात नंबरच येतो, म्हणाले.

### बदलीवाला

नोकरी गेली म्हणजे काय गेलं, हे कळायला ती कशी मिळत होती ते आधी कळायला हवं. गिरणीत कुणी एकदम नोकरीला लागत नसे. गावचा कुणी मुकादमाच्या ओळखीचा असेल तर पोराला गेटवर उभं करायचा. पोरगा बदलीवाला व्हायचा. रोज पाळीच्या आधी गेटवर जायचं. कुणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम, नसला तर परत खोलीवर. महिन्यात कधी दहा दिवस भरायचे, कधी पंधरा. दुसऱ्याचा खाडा म्हणजे बदलीवाल्याची भाकरी.

तात्या १९६९ साली एकोणिसाव्या वर्षी बदलीवर लागले आणि १९७६ ला कायम झाले. ही मधली सात वर्षं त्यांनी खाडे मोजण्यात काढली. कायद्यात ‘सलग नोकरी’ म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस. तो आकडा गाठायचा म्हणून गावाकडे आजी वारली तेव्हाही ते गेले नाहीत. साचेखात्यात आधी बाबिनी भरल्या, मग दोन साचे मिळाले, मग चार. धोटा अडकला की आवाजावरून कळायचं. तुटलेला धागा डोळे न लावता, नुसत्या बोटांनी जोडता यायचा. त्यांनी मला हवेत करून दाखवलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरली, एक गाठ बसली, नखानं तोडली. मी नीट पाहीपर्यंत झालंसुद्धा होतं.

कायम झाल्यावर मग एकेक गोष्ट येत गेली. वाण्याकडे उधारीचं खातं उघडलं, कारण वाणी कायम कामगाराला उधार द्यायचा आणि बदलीवाल्याला नाही. परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात ईएसआयच्या कार्डावर बायकोचं बाळंतपण झालं. फंड कापला जाऊ लागला. गावाकडे महिन्याला मनीऑर्डर, गौरी-गणपतीला बोनसमधून सगळ्यांना कपडे. आणि उद्या मुलगा हाताशी आला की त्यालाही बापाच्या वशिल्यानं बदली कार्ड मिळणार हा भरवसा. पगार हा या सगळ्यातला एक भाग. तो बंद झाला तेव्हा बाकीचं सगळं त्याच्याबरोबर गेलं, काही त्या महिन्यात आणि काही हळूहळू, पुढच्या वीस वर्षांत.

### १८ जानेवारी

संपाची हकिगत मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. १९८१ च्या बोनसवरून असंतोष पेटला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त संघटना, तिच्यावरचा विश्वास उडालेला. कामगार दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे तात्यांसारख्या माणसाला नोकरी नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे सांगता येत नाही. गावाकडच्या पत्त्यावर गिरणीचं पत्र आलं, हजर न झाल्यास नाव कमी करू असं. हजर व्हायला गेले तेव्हा गेटवर यादी होती, यादीत नाव नव्हतं. त्याआधी कुठला तरी दिवस असेल.

माझ्या मते ही अनिश्चितताच सगळ्यांत जास्त नुकसान करून गेली. नोकरी गेली हे पक्कं कळलं असतं तर माणूस दुसरीकडे लागला असता. आज सुटेल, गणपतीनंतर सुटेल, दिवाळीनंतर सुटेल, या आशेवर लाखो माणसांनी दीड-दोन वर्षं काढली आणि तेवढ्यात गाठीचं सगळं संपलं. आधी बायकोच्या पाटल्या, मग भांडी, मग फंडातून उचल. खोलीची पागडी घेऊन कुणी गावाला गेलं, कुणी डोंबिवलीच्या पुढे. लाखभर कामगार पुन्हा कधीच गिरणीच्या आत गेले नाहीत.

### काकींची वही

लालबागमध्ये एक काकी भेटल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. स्वतःच्या एका खोलीत अठरा माणसांचं दोन वेळचं जेवण. पहाटे चारला उठून भाकऱ्या, कारण पहिल्या पाळीवाल्याला साडेसहाला डबा हवा. दुपारी दुसऱ्या पाळीचे, रात्री तिसऱ्या पाळीचे. बुधवारी आणि रविवारी मासळी किंवा मटण. नवरा गिरणीत होता, पण आजारी. खानावळीवर घर चालायचं.

गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. ‘कामगार’ म्हणून त्यांची मोजणी कुठल्याच गिरणीच्या हजेरीत नव्हती. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. काकी त्यात होत्या. त्या कर्जातून त्यांनी मोठी पातेली घेतली, ती अजून माळ्यावर आहेत.

काकींनी वही दाखवली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, बाजाराच्या हिशेबाला वापरतात तसली. एका पानावर एक महिना, डावीकडे माणसांची नावं, पुढे तारखांची घरं. जेवला त्या दिवशी टिंब, जेवला नाही त्या दिवशी आडवी रेघ. ती रेघ म्हणजे खाडा. महिनाअखेरीला खाडे वजा करून पैसे सांगायचे आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटबाहेर उभं राहून वसूल करायचे. गेटबाहेर खानावळवाल्या, वाणी आणि पठाण सावकार एका रांगेत असायचे.

जानेवारी १९८२ च्या पानावर अठरा नावं आणि टिंबंच टिंबं. फेब्रुवारीतही तसंच. पैशाचा रकाना मात्र रिकामा. ‘जेवायला नको म्हणू कसं? सहा-सहा वर्षं माझ्या हातचं जेवलेली माणसं,’ काकी म्हणाल्या. एप्रिलपासून रेघा दिसायला लागतात. माणसं पिकाच्या, रोजगार हमीच्या कामाला गावी गेली. गेली ती उधारी ठेवून. काहींनी शिमग्यानंतर गावाहून तांदूळ आणून दिले. ऑगस्टच्या पानावर पाच नावं आहेत. त्यानंतरची पानं कोरी.

बँकेचा हप्ता मात्र सुरू होता. काकींनी मंगळसूत्राच्या वाट्या ठेवल्या आणि दादरला दोन घरी पोळ्या करायला लागल्या. पुढं पंचवीस वर्षं तेच केलं. स्वतःच्या घरात अठरा माणसं जेवू घालणारी बाई, जिच्या समोर कामगार मान खाली घालून हिशेब द्यायचे, ती दुसऱ्यांच्या ओट्यापाशी उभी राहिली. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. वही मात्र त्यांनी माझ्या हातातून लगेच काढून घेतली आणि पदरानं पुसून परत ठेवली.

### तोच साचा, भिवंडीत

कापडाची गरज संपली म्हणून गिरण्या बंद पडल्या असं कुणाला वाटत असेल तर त्यानं भिवंडीच्या कुठल्याही गल्लीत उभं राहावं. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतून यंत्रमागांचा खडखडाट असा येतो की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. संपाच्या आधीपासूनच गिरणीमालक कापड बाहेरून विणून घेत होते. संपात ते काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे मोठ्या प्रमाणावर वळलं आणि परत आलं नाही. कापड तेच, पण विणणाऱ्याला पाळी आठ तासांऐवजी बारा तासांची, मजुरी मीटरवर, फंड नाही, ईएसआय नाही, बोनस मालकाच्या मर्जीवर.

तात्या १९८४ मध्ये भिवंडीला गेले. बंद गिरण्यांतले साचे भंगाराच्या भावानं निघाले आणि त्यातले कितीतरी यंत्रमागाच्या गाळ्यांत येऊन पुन्हा चालू झाले. तात्यांना ज्या गाळ्यात काम मिळालं तिथं त्यांच्या गिरणीत होते तशाच बनावटीचे साचे होते.

‘हात लावला आन् वळखलं. पट्टा तसाच, दांडी तशीच. म्हनलं, तूबी आलास व्हय इकडं?’

तिथं ते सात वर्षं राहिले. गिरणीत सुटलेल्या पगाराच्या निम्म्यावरच सुरुवात झाली. वाढ झाली ती महागाईच्या मागं मागं. वीज गेली की मीटर थांबायचं आणि मजुरीही. बाराव्या तासाला डोळा लागून एकदा बोट गेलं, डाव्या हाताची करंगळी. औषधाचे पैसे मालकानं दिले आणि पुढच्या महिन्यात मजुरीतून कापून घेतले. मघाशी हवेत गाठ मारून दाखवली तेव्हा ती करंगळी अर्धीच आहे हे मला दिसलं नव्हतं.

कापसाच्या धुळीचा आजारही बरोबर आला होता. या आजाराची एक खूण अशी की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती जास्त आवळते. ईएसआयच्या कायद्यात तो धंद्यामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला होता. पण कार्ड चालतं नोकरी आहे तोवर. छाती भरली गिरणीत आणि खोकला वाढला गिरणी सुटल्यावर. तेव्हा परळच्या रुग्णालयाचं दार बंद झालेलं होतं.

### घड्याळं

नोकरी गेल्यावर माणसाचं काय होतं याचा एक फार जुना आणि फार बारीक अभ्यास आहे, आणि तोही कापडगिरणीच्याच गावाचा. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची वस्ती होती. तिथली गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण संशोधकांनी तिथली पाहणी केली. १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वेळ भरपूर मिळाला म्हणून लोक जास्त वाचू लागले असतील असं वाटेल, पण ग्रंथालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली. संशोधकांनी खिडकीआड बसून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष हळू चालत होते, वाटेत थांबत होते. बायका मात्र पाय उचलूनच जात होत्या, त्यांचं काम कुठं गेलं होतं? आणि बहुतेक पुरुष घड्याळ वापरत नव्हते.

हे वाचलं तेव्हा मला गिरणगावच्या भोंग्याची आठवण झाली. लालबाग-परळच्या घरांमधून घड्याळाची गरजच नव्हती, भोंग्यावर भात शिजायचा. भोंगे बंद झाल्यावर पुरुष दिवसभर नाक्यावर बसायला लागले, असं कितीतरी बायकांनी मला सांगितलं. तात्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘घरात बसला मानूस की त्याला पान्याचा पेलाबी हातात लागतो. आन् मी तर भाजीची पाटी घिऊन बाहेर.’ चिडून नव्हे, नुसतं जे होतं ते त्या सांगत होत्या.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८० च्या आसपास कारखाने बंद पडले. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या कामगारांच्या कमाईच्या नोंदी तपासल्या. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाची नोकरी गेली की पाच-सहा वर्षांनंतरही, दुसरं काम लागलेलं असूनही, त्याची कमाई पूर्वीपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमीच राहिली. म्हणजे दुसरी नोकरी मिळाली की प्रश्न मिटला, हा आपला समज खरा नाही. एका साच्यावर, एका मुकादमाच्या हाताखाली जे हात तयार झालेले असतात त्यांची किंमत दुसऱ्या गेटवर कुणी धरत नाही. तिथं पुन्हा बदलीवाल्यापासून सुरुवात, फक्त आता वय चाळीस. त्याच राज्यातल्या कामगारांवर पुढे २००९ मध्ये आलेल्या अभ्यासानं दाखवलं की नोकरी गेलेल्यांचं मृत्यूचं प्रमाणही वाढलेलं होतं, आणि ते अनेक वर्षं वाढलेलंच राहिलं. त्या कामगारांना निदान बेकारभत्ता होता.

### डोंगरावरचं घर

तात्यांच्या गावी गेलो. कोयनेच्या खोऱ्यात, एसटी सोडल्यावर दीड तास चढण. घर दगडी, निम्म्या छपरावर कौलं आणि निम्म्यावर पत्रा. कौलांचा भाग १९७८ मधला, बोनसच्या पैशातला. पत्र्याचा भाग होता तसाच राहून गेला. अशी अर्धी घरं त्या वाडीत मी सात मोजली. तिथं मनीऑर्डर कधी थांबली ते पोस्टात विचारायला नको, छपराकडे पाहिलं तरी समजतं.

नाचणी आणि भात पिकवणाऱ्या त्या डोंगरात शेतीवर वर्ष कधीच निघत नव्हतं. म्हणून तर माणसं गिरणीत गेली. मुंबईच्या पैशावर बैल यायचे, बियाणं यायचं, मुलीचं लग्न व्हायचं. चाकरमानी परत आला तेव्हा पाठवणारा एक कमी झाला आणि खाणारा एक वाढला. संपाच्या पहिल्या वर्षात गावानं कामगारांसाठी धान्य दिलं, हे खरं. भावाभावांत वाटण्या झाल्या, त्याही त्याच दोन-तीन वर्षांत. तात्यांच्या थोरल्या भावाचं घर शेजारीच आहे. दोन घरांत बोलणं नाही.

मुलगी सातवीतून काढली. ती हुशार होती, तात्या आपणहून म्हणाले आणि नंतर बराच वेळ गप्प बसले. मीही काही विचारलं नाही.

### अकरा महिन्यांचं काम

मुलगा मुंबईत आहे. एके काळी साचेखातं होतं अशा एका गिरणीच्या जागेवरच्या कार्यालयी इमारतीत तो सुरक्षारक्षक आहे. पगार कंत्राटदाराकडून, करार अकरा महिन्यांचा. कंत्राटदार बदलला की माणूस तोच, गणवेश नवा आणि नोकरीची तारीखही नवी. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं सलग लागतात. एकोणीस वर्षं तो त्याच परिसरात उभा आहे आणि कागदावर त्याची पाच वर्षं एकदाही भरलेली नाहीत.

बापानं सात वर्षं बदलीवर काढली, पण त्या रांगेच्या टोकाला ‘कायम’ हा शब्द होता. मुलाच्या रांगेला टोकच नाही. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यांत अन्यायाचं वाटतं ते हेच. १९८२-८३ मध्ये एका पिढीची नोकरी गेली असं आपण म्हणतो. खरं तर पुढच्या पिढीला जी नोकरी लागणार होती तीही तेव्हाच गेली, आणि तिची भरपाई मागायची म्हटली तर कुठला अर्जच नाही.

### कागदांची पिशवी

भरपाई म्हणून जे आलं ते घर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरलं होतं. एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे, असा अर्थ लागला. बांधकाम तर जवळजवळ सगळीकडेच होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. दत्ता इस्वलकरांसारखे नेते मोर्चे काढत राहिले म्हणून निदान काही घरं उभी राहिली. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं, मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. उरलेल्यांना बदलापूरच्या पलीकडे शेलू-वांगणीला घरं देण्याची गोष्ट निघाली तेव्हा जुलै २०२५ मध्ये ही म्हातारी माणसं आझाद मैदानावर येऊन बसली.

त्या घरासाठी पुरावा लागतो, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत होतो याचा. ज्या गिरणीची चिमणीही पाडली गेली तिच्या हजेरीपटावर आपलं नाव होतं, हे आता सिद्ध करायचं. तात्यांची अडचण वेगळीच. १९६९ मध्ये मुकादमानं त्यांचं नाव विचारलं तेव्हा घरात हाक मारायचे तेच नाव त्यांनी सांगितलं. पासावर ते. रेशनकार्डावर शाळेतलं. आधारवर आडनावाचं शेवटचं अक्षर वेगळं. ही तिन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी नोटरीकडून करून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तात्यांनी एकेक कागद स्वतः काचेवर ठेवायला दिला, पास तर दोन्ही हातांनी. दुकानदारानं विचारलं, ‘आजोबा, किती प्रती?’

‘दोन.’

‘म्हाडाला एकच लागते हो.’

‘लागू दे. दुसरी पोराच्या नावानं ठिवायची,’ तात्या म्हणाले आणि पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढून मोजायला लागले.